घाटाखालचे गाणे

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात. घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडावी लागतात आणि तेवढ्या वेळात उतारू फलाटावरचा बटाटेवडा खाऊन घेतात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबई-पुणे ये-जा करणारे किती गवई, किती साथीदार तंबोऱ्याच्या गवसण्या सांभाळत या फलाटावरून गेले असतील! गाणे आमच्याकडे रोज थांबले, पण उतरले कधीच नाही, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. शास्त्रीय संगीत उच्चभ्रूंचे की सर्वांचे, हा वाद निघाला की हेच उदाहरण देत असे. ते अर्धेच खरे होते.

आधी रेल्वेचे पाहू. मुंबईकडून आलेला रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट तसाच राहिला. पुढची पाच वर्षे पुण्याला जाणाऱ्याला खोपोलीस उतरून पालखीने किंवा पायी घाट चढावा लागे. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली आणि खोपोलीस उतरण्याचे कोणाला कारण उरले नाही. मग मार्गाच्या दोन टोकांना दोन संस्था उभ्या राहिल्या. मुंबईत कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली, १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. वरच्या वर्गातील आपल्या बांधवांत गाण्याची गोडी पुन्हा उत्पन्न करावी, हा पुण्याच्या समाजाने उघड सांगितलेला हेतू होता. यात लपवाछपवी नव्हती. दरबार आटत चालले होते, गाणे कोठीवरचे म्हणून बदनाम झाले होते. त्याला प्रतिष्ठा द्यायची तर प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात न्यायला हवे, असा तो हिशोब. तेव्हा हे गाणे उच्चभ्रूंचे आपोआप झाले नाही. ते तसे व्हावे म्हणून शिकल्यासवरल्या माणसांनी सभासद जमवले, नियम केले, वर्ग चालवले.

पण गाणे अभिजनांचे झाले म्हणून गवई अभिजन झाला, असे नाही. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत होते. एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले आणि खुद्द गुरूला आले नाही. कारण गुरू पडले गवई. ही गोष्ट जिव्हारी लागून पलुसकरांनी १८९६ मध्ये मिरज सोडली, असे सांगतात. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईला. ते राजाच्या तनख्यावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या तिकिटांवर चालले. तिकीट हा शब्द आज दार बंद करणारा वाटतो. तेव्हा त्याने दार उघडले, कारण पैसे मोजले की कोणाचे आमंत्रण लागत नसे. मुंबईची त्यांची इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली आणि ते रामनामाकडे वळले. रागदारीत बांधलेले भजन त्यांनी सभासंमेलनांत गायले. आमच्या मुलखाशी त्यांचे नाते जुळते ते या भजनापाशी.

कर्जत-खालापुरात अखंड हरिनाम सप्ताह बसला की काकडा, हरिपाठ, कीर्तन होते आणि कीर्तन आटोपल्यावर जागर लागतो. गावोगावच्या भजनी मंडळांना रात्री वाटून दिलेल्या असतात. पेटी, पखवाज, टाळ, झांज. मध्ये बुवा, मागे झील धरणारे. आधी नामाचा गजर, मग रूपाचा अभंग आणि त्यानंतर बुवा काय गाणार याची वाट पाहत मंडळी सावरून बसतात. भीमपलास, बागेश्री, मालकंस ही नावे येथे कोणाला परकी नाहीत. बुवा अभंगाच्या एका चरणावर आलाप घेतो, सरगम करतो, पखवाजवाल्याला जागा देतो, समेवर दोघे एकत्र आले की मागून टाळ कडाडतात. बुवा दिवसा भातशेती करणारा, खोपोलीच्या कारखान्यात पाळी करणारा किंवा लोकलने मुंबईला नोकरीस जाणारा. ऐकणाऱ्यांत तिसरी शिकलेली आजी असते. तिला रागाचे नाव सांगता येणार नाही, पण सूर घसरला की ती मान फिरवते. भैरवी होईपर्यंत कोणी उठत नाही.

हे कोठून आले? मी जुन्या बुवांना विचारत फिरलो. कोणी मुंबईच्या चाळीतल्या भजनाचे नाव घेतले, कोणी संगीत नाटकांचे. सर्वांत जास्त वेळा मिळालेले उत्तर एकच होते: रेडिओ. १९५२ मध्ये केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हटवली आणि शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लोकांनी त्यांना नावे ठेवली, सिलोन लावले. पण ट्रान्झिस्टर गावात आल्यावर हिराबाई, भीमसेन आमच्या ओट्यावर फुकट गाऊ लागले. ऐकायला कोणाचे सभासदत्व लागले नाही. एक बुवा म्हणाले, “आम्ही बंदिश पाठ नाही केली रे, वळण चोरलं.”

याच आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली होती. परदेशी वाद्य, सूर ठोकळेबंद, मींड निघत नाही, ही कारणे. ती शास्त्राला धरून आहेत, हे मला मान्य आहे. बंदी सैल व्हायला १९७०चे दशक उजाडले. पण सारंगीया परवडत नाही आणि तंबोऱ्याला जागा नाही, अशा देवळात सूर धरायला पेटीच होती. म्हणजे ज्या वाद्यावर आमचा बुवा मालकंस शिकला, ते वाद्य मालकंस ऐकवणाऱ्या केंद्राच्या दारात उभे राहू शकत नव्हते. गाणे सर्वांना ऐकू येत होते. कोणाचे गाणे हे गाणे म्हणून मोजायचे, ते दुसरेच कोणी ठरवत होते.

त्याचा अनुभव मी एका शहरातल्या स्पर्धेत घेतला. आमच्याकडचा मुलगा बागेश्री गायला. परीक्षकांनी सूर चांगला म्हटले, तयारी चांगली म्हटले आणि शेवटी “ढंग भजनी आहे” एवढे बोलून पुढचे नाव पुकारले. मुलगा परतीच्या लोकलमध्ये कर्जतपर्यंत बोलला नाही.

मात्र सगळा दोष शहराच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. जागराचा ओटा तरी सर्वांसाठी कोठे मोकळा होता? बायका ऐकायला असत, पेटीवर बसायला नसत. महारवाड्याची मंडळे वेगळी होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांनी अभंग बाजूला ठेवला आणि त्याच पेटीवर बुद्ध-भीमगीते उभी केली. आमच्यातले काही उत्तम पेटीवादक त्या गाण्यात झाले, हे देवळातले लोक खासगीत मान्य करतात. कातकरी वाडीवर तर सप्ताहाची वर्गणी मागायलाही कोणी जात नसे. तो माणूस मोजदादीतच नव्हता. भजनाला शास्त्रीय म्हणा, हा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्याने ही बाजू वगळली तर गायन समाजाने केले तेच घाटाखाली केल्यासारखे होईल.

आता गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना तालुक्यातली मुले बसतात, त्यात मुली पुष्कळ. गेल्या सप्ताहात एका बुवांनी जागराला नातीला शेजारी बसवले. ती मध्यमा झालेली. तिने मोबाइलवर तंबोरा लावला. टाळकऱ्यांत थोडी कुजबुज झाली. बुवांची पट्टी आयुष्यभर काळी चार, तिचीही तीच निघाली. बुवांनी मोबाइल पखवाजाच्या बाजूला सरकवला, पेटी तिच्याकडे दिली आणि रूपाचा अभंग धरला.