ठराव आणि तळं

महाड म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ ची ओंजळ आठवते. बाबासाहेब पाणी प्याले, टाळ्या पडल्या, भाषण संपलं. त्या ओंजळीच्या आधीचा कागद आणि नंतरचा कागद कुणी उघडत नाही. दोस्तांनो, आज कागद उघडू. कारण तळं म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तळं म्हणजे त्याची मालकी, त्याच्यावरचा ठराव, आणि काठावर कुणाची घरं आहेत ते.

चवदार तळं केवढं? चार-पाच एकराचं. पावसाच्या पाण्यावर आणि थोड्या झऱ्यांवर भरणारं. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडं बहुतेक सवर्णांची घरं. महाडला नगरपालिका आली एकोणिसाव्या शतकात. तळं त्याच्याही आधीचं. म्हंजे नगरपालिकेनं ते खणलं नाही, सरकारचं म्हणून कायद्यानं तिच्या ताब्यात आलं. हिंदू पाणी भरत, मुसलमान भरत. आपल्यालाच बंदी.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशानं बांधलेले, सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. त्यावरून महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये आपलाही ठराव केला : तळं खुलं. झालं! ठराव दप्तरात, पाणी तळ्यात आणि आपला माणूस तहानलेला. तीन वर्षं गेली. ठराव कागदावरून उठून पाण्यापर्यंत चालत जात नाही, त्याला माणसांचे पाय लागतात. ते पाय १९२७ साली लागले. मग डोकी फुटली. आणि तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून पाणी ‘शुद्ध’ करण्यात आलं. शेणानं शुद्ध आणि माणसानं बाटलेलं!

पुढचं बघा. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला. डिसेंबरात महाडचे सवर्ण कोर्टात गेले. म्हणणं काय, तर तळं खाजगीसारखं आहे, वहिवाट फक्त स्पृश्यांची आहे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला हजारो माणसं महाडात जमली. मनुस्मृती जाळली. पण पाण्याला हात लावला नाही. तळ्याला वळसा घालून मिरवणूक परतली. काहींना वाटतं, ही माघार होती. मला वाटत नाही. बाबासाहेबांना ते पाणी एका दिवसाचं नको होतं, कायमचं पाहिजे होतं.

कायमचं मिळवायला दहा वर्षं लागली. महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, शेवटी मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेचं ठरलं, आणि अनादी काळाची म्हणून सांगितलेली वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. ठराव मागं घेता येतो, मालकी कशी मागं घेणार? हाच धागा घटनेत आला. कलम १५ (२) : सरकारी पैशानं पूर्ण किंवा अंशतः सांभाळलेल्या, किंवा जनतेसाठी ठेवलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते यांवर जातीवरून अडवणूक नाही.

आता आजचं. २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टर, म्हंजे साडेपाच एकराच्या वरच्या जागा मोजून आखल्या. त्याहून लहान ती नुसती ठिपका. या मापानं चवदार तळ्याएवढं पाणी ठिपकाच! सुप्रीम कोर्टानं २०१७ साली जपायला सांगितल्या त्या दोन लाखांवर जागा या मोठ्या मापाच्या. त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांतून पिण्यासाठी आणि शेतीसाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळलेली आहेत. म्हणून लहान तळ्याचं जगणं-मरणं अजून बरंचसं ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या ठरावावरच. भराव टाकायचा का, गटार सोडायचं का, मासेमारीचा ठेका कुणाला द्यायचा, हे तिथंच ठरतं.

आणि एक धोका ध्यानात ठेवा. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं गावची तळी, गायरानं यांवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. चांगलंच झालं. पण सरकारी आदेशानं भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर तो अपवाद धरता येतो, हेही त्याच निकालात आहे. गावात वाचताना पहिलं वाक्य मोठ्यानं वाचतात, दुसरं गिळतात. तळ्याच्या नावानं झोपडी पाडतात आणि भरावावरचा बंगला उभा राहतो.

तेव्हा आपल्या गावच्या तळ्याचा उतारा काढा. ते कुणाच्या नावावर आहे, शेवटचा ठराव कोणता, ठेका कुणाकडं, सगळं पंचायतीत लेखी मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. महाडला आपल्या माणसांनी रक्त सांडून जे शिकवलं ते एवढंच : ठराव झाला म्हणून घरी जायचं नाही, आणि ठराव फिरला म्हणून हरायचं नाही.