कबड्डीतले वादाचे नियम : पंच नेमकं काय बघतात?

गावोगावच्या स्पर्धांत कबड्डीचा सामना रंगात आला की एखादा निर्णय येतो आणि दोन्हीकडचे लोक मैदानात घुसतात. बऱ्याचदा पंचाचं चुकलेलं नसतं, नियमच आपल्याला पूर्ण माहीत नसतो. म्हणून नेहमी वाद होणारे काही नियम इथे एकत्र देत आहोत.

लॉबी कधी आत, कधी बाहेर?
पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानात दोन्ही कडेला एकेक मीटरची पट्टी असते, तीच लॉबी. झटापट सुरू होईपर्यंत ही पट्टी मैदानाबाहेर धरतात. चढाईपटूचा आणि बचावपटूचा स्पर्श झाला की लॉबी खेळात येते. स्पर्श न होता चढाईपटूचा पाय लॉबीत पडला तर तो बाद. पंचाची नजर म्हणून आधी स्पर्शावर असते, नंतर पायावर.

खरी अडचण पुढे आहे. स्पर्श नसताना चढाईपटू लॉबीत गेला आणि त्याच्या मागे बचावपटूही गेले तर? जुन्या नियमाप्रमाणे तेही बाद. प्रो कबड्डीत वापरतात त्या सुधारित नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामन्यात नेमकं हेच घडलं. २८-२८ बरोबरी, शेवटचं साधारण एक मिनिट बाकी आणि पवन सेहरावतची चढाई. कोणता नियम धरायचा यावर खेळ जवळपास तासभर थांबला, निर्णय फिरत राहिला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. एवढ्या मोठ्या स्पर्धेत ही वेळ येते, तिथे आपल्या जत्रेतल्या स्पर्धेचं काय सांगावं!

निदान रेषा
मध्यरेषेपासून पुरुषांसाठी ३.७५ मीटर आणि महिलांसाठी ३ मीटरवर ही रेषा असते. कुणालाही स्पर्श न करता परतायचं असेल तर चढाईपटूने ती एकदा तरी ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. एक पाय पलीकडे टाकला पण मागचा अलीकडे जमिनीला टेकलेला असेल, तर ओलांडली असं धरत नाहीत.

बोनस
समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा. बोनस घेतल्यावर पकड झाली तरी बोनसचा गुण जात नाही, पकडीचा गुण समोरच्यांना मिळतो. मात्र बोनसच्या गुणावर आपला बाद गडी आत येत नाही. इथे गुणफलकावर हमखास भांडण होतं.

दम
'कबड्डी' हा उच्चार मध्यरेषा ओलांडायच्या आधी सुरू झाला पाहिजे आणि पंचाला ऐकू आला पाहिजे. उशिरा सुरू केला तर चढाईपटू बाद होत नाही, पण त्याला परत पाठवतात, चढाई जाते आणि समोरच्यांना एक तांत्रिक गुण मिळतो. समोरच्या अंगणात दम तुटला तर मात्र बाद. ढोल-ताशा आणि स्पीकरच्या आवाजात पंचाला दम ऐकूच येत नाही, हेही आयोजकांनी ध्यानात घ्यावं.

नखं आणि तेल
नखं कापलेली हवीत, अंगावर दागिना नको, अंगाला तेल किंवा तसलं काही निसरडं लावलेलं नको. हा नियम पुस्तकात आहे, पण सामन्याआधी तपासतं कोण? वाढलेल्या नखाने डोळ्याला इजा झाली तर गुणाने ती भरून येत नाही.

आयोजकांनी काय करावं?
नियमाप्रमाणे सामन्याला एक सरपंच (गावचे नव्हे, खेळाचे!), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक लागतात. निदान तीन गोष्टी तरी पाळाव्यात :
- कोणती नियमावली लागू, हे नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना सांगून कागदावर सह्या घ्याव्यात. लॉबीचा नियम त्यात वेगळा लिहावा.
- हरकत फक्त कर्णधाराने घ्यावी, आणि ती सरपंचाकडेच.
- रेषा ठळक ठेवाव्यात. मातीच्या मैदानात फक्की दोन सामन्यांत पुसली जाते, मध्यंतरात पुन्हा मारावी.

शेताचा बांध स्पष्ट असला की भावकीत भांडण होत नाही. मैदानातल्या रेषेचंही तसंच आहे.