बी. डी. डी. चाळ आणि आमची म्हातारी माणसे

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असे विहार कमिटीने सांगितले, तेव्हा आम्ही ठरवले की विहाराचा इतिहास जाणकार मंडळी लिहितील, आपण ज्या चाळीच्या अंगणात हे विहार उभे राहिले त्या चाळीचे लिहावे. आम्ही काही शिकलेले लेखक नव्हे. साचाखात्यात उभे राहून जे वाचले, ऐकले आणि भोगले तेच इथे मांडतो.

बी. डी. डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर लॉइडसाहेबाच्या काळात १९२० साली हे खाते निघाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या असा बेत होता आणि पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया जकात बसवली. प्रत्यक्षात उठल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एका मजल्यावर वीस खोल्या, चार मजले मिळून ऐंशी. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही अंगांना दारे, संडास सामाईक. खोली जेमतेम १६० चौरस फूट.

गंमत अशी की ज्यांच्यासाठी बांधल्या ते कामगारच सुरुवातीला तिकडे फिरकेनात. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, भाडे परवडेना, सिमेंटच्या भिंती उन्हाळ्यात तापायच्या. कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात तर सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. तुरुंगाला चालेल अशी जागा माणसांच्या संसाराला दिली होती, हे आमच्या वडिलांची पिढी हसत हसत सांगायची. पुढे कोकणातून, घाटावरून माणसे येत गेली आणि एकेका खोलीत दहा दहा जण मावू लागले. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठायचा, अंथरूण तेच.

जानेवारी १९७४ मध्ये वरळीला दंगल पेटली तेव्हा जी तरणी पोरे रात्र रात्र जिन्यावर पहारा देत होती, ती आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा हीच माणसे ऐन कमाईच्या वयात होती. अडीच लाख कामगार बाहेर पडले, बऱ्याच जणांना परत गिरणीचे तोंड दिसले नाही. कोणी वॉचमन झाला, कोणी भाजी विकली. म्हणून आज त्यांच्या हातात काही नाही. ज्यांना फंडाची पेन्शन लागली त्यांना तरी काय मिळते? २०१४ पासून कमीत कमी १००० रुपये ठरले, म्हणजे महिन्याच्या गोळ्यांना पुरत नाहीत. या माणसांची आयुष्याची कमाई एकच, भाडेपावतीवरचे नाव.

पुनर्विकासाची गोष्ट इथून सुरू होते. एप्रिल २०१७ मध्ये जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. काम म्हाडाकडे. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड मिळून १५,५९३ भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने, फुकट. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने या तिघांबरोबर त्यांचे काम सुरू झाले नाही. वरळीत प्रत्यक्ष कामाचा नारळ फुटला १ ऑगस्ट २०२१ ला, आणि पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या १४ ऑगस्ट २०२५ ला. भूमिपूजनापासून आठ वर्षे. तरुणाला आठ वर्षे म्हणजे काही नाही हो. सत्तरीच्या माणसाला विचारा. आमच्या मजल्यावरून संक्रमण शिबिरात गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी पाच जणांच्या शोकसभा आम्ही तिकडेच घेतल्या.

आम्ही पुनर्विकासाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. स्लॅबचे तुकडे पडत होते. रात्री संडासला बोळाच्या टोकापर्यंत काठी टेकत जाणारी आमची आई आम्ही पाहिली आहे. घरात संडास असणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाची इज्जत राखणे. पण चाळीत दार उघडे असायचे. सकाळी एखादी आजी दिसली नाही की समोरची बाई हाक मारायची. आम्ही ज्या इमारतीत तात्पुरते राहतो तिथे लिफ्ट बंद पडली, तर नवव्या मजल्यावरचे एक बाबा तीन दिवस खाली उतरले नाहीत आणि आम्हाला ते चौथ्या दिवशी कळले. वरळीच्या नव्या इमारती चाळीस मजली आहेत. देखभालीचा खर्च आज ना उद्या सोसायटीवर येणार, तेव्हा हजार रुपये पेन्शनवाल्याने काय करायचे, याचा विचार आत्ताच व्हायला पाहिजे.

दुसरी गोष्ट सांगायला जीभ अडखळते, पण घरातलीच आहे. पावतीवर नाव म्हाताऱ्याचे आणि डोळा साऱ्या घराचा. घराची किंमत कोटीत गेल्यावर भाऊ भावाशी बोलेना. नवरा वारल्यावर नाव मुलाच्या नावे करून दिलेली एक मावशी आज मुलीकडे कल्याणला पडली आहे. तिने अंगठा दिला, कागद काय होता ते तिला कोणी वाचून दाखवले नाही. त्या दिवशी आम्ही गिरणीत पाळीवर होतो, म्हणून आम्हालाही कळले नाही. ती गिरणी २०२० च्या लॉकडाऊनपासून बंद आहे, आता आम्हाला वेळच वेळ आहे.

म्हणून गेल्या वर्षापासून दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात आम्ही तिघे चौघे टेबल टाकून बसतो. ज्या म्हाताऱ्या माणसाला करारनाम्यावर, वारसाच्या कागदावर सही करायची आहे, त्याने कागद आधी इकडे आणावा. आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो, दोनदा. मुले रागावतात, एकाने तर आमची गचांडीही धरली. मावशीही येते, कल्याणहून लोकलने. तिच्या कागदाची प्रत मिळवायला आम्ही अर्ज केला आहे.