नानूकचं खरं नाव

गेल्या शनिवारी पावसानं ट्रेक बुडवला, म्हणून घरी बसून 'नानूक ऑफ द नॉर्थ' पाहिला. १९२२ चा मूकपट, जेमतेम सव्वा तासाचा. डॉक्युमेंटरीच्या इतिहासात याचं नाव अगदी सुरुवातीला येतं. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना 'एस्किमो' म्हणून भेटलो, त्या इनुइट लोकांची ही गोष्ट. बर्फाचं घर, कुत्र्यांची गाडी, वॉलरसची शिकार आणि मधोमध हसतमुख नानूक. एका प्रसंगात व्यापारी त्याला ग्रामोफोन दाखवतो, तर हा पठ्ठ्या रेकॉर्ड चक्क चावून बघतो! मीही हसलो. मग सवयीप्रमाणे 'हे शूट कसं केलं असेल?' म्हणून शोधायला बसलो, आणि रविवारही त्यातच गेला.

तर मंडळी, नानूकचं नाव नानूक नव्हतंच. त्यांच्या भाषेत नानूक म्हणजे ध्रुवीय अस्वल. त्या माणसाचं नाव अल्लाकारिआल्लाक, राहणारा कॅनडातल्या उत्तर क्वेबेकमधल्या इनुकजुआकचा. दिग्दर्शक अमेरिकन, रॉबर्ट फ्लाहर्टी. पैसे फरचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीचे. पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती. तिथं तोवर बंदुका रुळल्या होत्या, तरी सिनेमात शिकार हार्पूननंच. इग्लूत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड नाही, म्हणून अर्धाच उघडा इग्लू बांधला आणि त्यात सगळ्यांनी झोपायचं नाटक केलं. ग्रामोफोनचा प्रसंगही ठरवून केलेला.

सगळ्यात कमाल पुढेच आहे. त्या थंडीत फिल्म धुणं, कॅमेऱ्याची डागडुजी करणं या कामांत फ्लाहर्टीचे मदतनीस कोण? तिथलेच इनुइट! म्हणजे पडद्यावर रेकॉर्ड चावायची आणि पडद्यामागे कॅमेरा दुरुस्त करायचा. जगानं पाहिलं ते फक्त पहिलं.

पुढे वाचताना पीटर पिट्सिओलाक (१९०२-१९७३) भेटला. बॅफिन बेटाजवळच्या केप डॉर्सेटचा शिकारी. गावाचं नाव २०२० पासून अधिकृतपणे किनगाइट. त्यानं पहिला फोटो काढला तो एका गोऱ्या माणसासाठी, कारण त्या साहेबाला अस्वलाच्या जवळ जायची भीती वाटत होती :) १९४० च्या दशकात त्यानं एका मिशनऱ्याकडून स्वतःचा कॅमेरा घेतला. डार्करूम कुठली? टॉर्चला लाल कापड गुंडाळून तो आणि बायको अग्गेओक घरीच फिल्म धुवायचे. जुन्या गॉगलच्या काचेचा फिल्टर केला होता म्हणे. याला म्हणतात जुगाड!

आता गंमत बघा. पिट्सिओलाकही आपल्या माणसांना जुन्या पद्धतीचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर उभं करायचा. मग फ्लाहर्टीनं काय वेगळं केलं? मला वाटतं, 'मांडून काढलेला फोटो खोटा' एवढ्यावर हा हिशोब मिटत नाही. पिट्सिओलाक डोळ्यांदेखत बदलणारं जगणं नातवंडांसाठी जपून ठेवत होता, आणि समोर कोण उभं आहे हे त्याला नावानिशी ठाऊक होतं.

नावांचा मुद्दा साधा नाही. १९४१ पासून कॅनडा सरकारनं इनुइट लोकांना क्रमांकाचे बिल्ले वाटले. आडनावं नाहीत, उच्चार जमत नाहीत, मग नंबर द्या! सरकारी संग्रहातल्या कितीतरी फोटोंखाली 'एस्किमो बाई आणि मूल' एवढंच. आमच्या भाषेत सांगायचं तर इमेज आहे, मेटाडेटा गायब. २००० नंतर तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं 'प्रोजेक्ट नेमिंग' सुरू केलं. इनुइट विद्यार्थी लॅपटॉपवर जुने फोटो घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे गेले आणि विचारलं, हे कोण? कुणाला मावशी सापडली, कुणाला स्वतःचंच लहानपण. घाई होती, कारण ओळखणारी पिढीच हळूहळू संपत होती.

हे वाचून माझं ट्रेकचं फोल्डर उघडलं. डोक्यावर मोळी घेतलेल्या एका आजींचा फोटो आहे, सगळ्यांनी लाइक केलेला. त्या दिवशी त्यांच्याच घरी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली होती. फाइलचं नाव: 'गावातली म्हातारी ०३'. बरोबरच्या मित्राला फोन करून नाव विचारलं. त्यालाही माहीत नाही. चौघांपैकी कुणी विचारलंच नव्हतं.

असो. पाऊस उघडला की फोटोची प्रिंट घेऊन जायचं ठरवलंय. आजी भेटल्या म्हणजे झालं.