मुंबईच्या वॉर्डातून लोकसभेकडे

आपल्या मालवण-कणकवलीकडील राजकारणी पुरुषाचे चरित्र लिहावयास बसले की लेखणी आधी मुंबईस जाते. गावी जन्म, मुंबईत उमेदवारी आणि मग पुन्हा गावाकडे मत मागावयास येणे, असा हा क्रम आहे.

पूर्वी असे नव्हते. आपल्या राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ व १९६७ साली निवडून गेलेले बॅ. नाथ पै, तसेच त्यांच्यामागून १९७१ ते १९९१ पर्यंत खासदार राहिलेले प्रा. मधु दंडवते हे विद्वत्तेच्या व वक्तृत्वाच्या बळावर लोकसभेत गेले. गटार, नळ, कचरा यांच्या तक्रारी सोडवीत ते वर चढले नव्हते.

श्री. नारायणराव राणे यांची वाट निराळी. चेंबूरचे शाखाप्रमुख, १९८५ साली मुंबईचे नगरसेवक (आमच्या लहानपणी ‘नगरपिता’ म्हणत, हा शब्द गेला ते बरेच झाले), १९९० साली मालवणचे आमदार आणि १९९९ साली जेमतेम साडेआठ महिने मुख्यमंत्री. २००५ साली शिवसेना सुटली. काँग्रेसमध्ये जाऊन त्यांनी त्याच वर्षी मालवणची पोटनिवडणूक जिंकली. २०१४ साली मात्र कुडाळात त्यांचा पराभव झाला. पुढे २०१८ साली राज्यसभा व २०२१ साली केंद्रीय मंत्रिपद. पक्षांतराविषयी मतभेद राहणारच. मलाही ते रुचले नाही. परंतु वॉर्डात लागलेली, माणसास नावानिशी ओळखण्याची सवय त्यांना शेवटपर्यंत उपयोगी पडली, हे नाकारता येत नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे असलेले श्री. विनायक राऊत हेही आपल्याच जिल्ह्याचे आणि तेही एके काळचे मुंबईचे नगरसेवक! विलेपार्ल्याचे आमदार होऊन, २०१४ व २०१९ साली येथून खासदार झालेले. राणे ४७,८५८ मतांनी विजयी झाले.

७ मे रोजी मतदानास माझा एक जुना विद्यार्थी मुंबईहून आला होता. रांगेत भेटला, वाकून नमस्कार केला. “गुरुजी, उद्याच परत जायचं आहे,” म्हणाला. घरी कोण असते, असे विचारले, तेव्हा त्याने खिशातील किल्ली दाखविली.