पाटीच्या पलीकडची फळं

माउंट ॲडम्सच्या नैर्ऋत्येला, जंगलातल्या चोवीस नंबरच्या रस्त्याकडेला एक पाटी आहे. रस्त्याच्या पूर्वेकडच्या हकलबेरी 'इंडियन' लोकांसाठी राखीव. मी मूळचा कोकणातला. क्षणभर हसू आलं, मग डबा घेऊन मुकाट्याने पश्चिमेला वळलो.

त्या पाटीमागे मोठा इतिहास आहे. 1855च्या तहात याकामांनी आपली बहुतेक भूमी सोडली, पण मासे धरण्याचा, मुळं-फळं गोळा करण्याचा हक्क सोडला नाही. पुढे मंदीच्या काळात बेकारांचे तांडेच्या तांडे या रानात उतरले. पिढ्यान्‌पिढ्या जिथे याकामांचे उन्हाळी तळ पडत, तिथे पाय ठेवायला जागा उरेना. तेव्हा 1932 साली याकामांचे प्रमुख विल्यम यॅलप आणि वनाधिकारी जे. आर. ब्रुकार्ट यांनी हातात हात देऊन हा भाग राखून ठेवला. तो शब्द आजही पाळला जातो.

पण शब्दाने गर्दी अडली, झाडं अडली नाहीत. हकलबेरीला ऊन लागतं. फर-हेमलॉकची सावली दाटली की झुडूप जगतं, पण फळ धरत नाही. याकामांना हे ठाऊक होतं. वेचणी संपली, पाऊस जवळ आला की ते रान पेटवून देत. वरचं जळे, जमिनीतली खोडं शाबूत राहत आणि त्यांतून पुन्हा फुटवे येत. काही वर्षांनी तिथे फळं लगडत. 1910च्या भीषण वणव्यांनंतर मात्र वनखात्याने प्रत्येक आग म्हणजे शत्रू ठरवली. कोकणात भाजावळीकडे साहेबाने ज्या नजरेने पाहिलं, तीच ही नजर.

आता संशोधकही तेच सांगतात: झाडी विरळ करा, बेताने जाळा. आग फार तापली तर जमिनीतली खोडंही मरतात, म्हणून वेळ आणि ओल पाहून. म्हाताऱ्या माणसांना जे हंगामावरून कळत होतं, ते आता मोजमापाने सिद्ध होतं आहे. शेतात लावून हे फळ अजून नीट वठलेलं नाही, त्यामुळे रान राखण्यावाचून इलाज नाही.

कारण हक्क कागदावर असला, पाटीवर असला, तरी झुडपावर फळच नसेल तर त्या हक्काचं करायचं काय? याकामांकडे हंगामातलं पहिलं फळ आधी मेजवानीत मानाने वाढलं जातं, मग बाकीची वेचणी. ती मेजवानी पाटीवर होत नाही.

संध्याकाळी माझा डबा जेमतेम अर्धा भरला होता. बोटं मात्र करवंदं खाल्ल्यासारखी जांभळी झाली होती.