बंदरावर उतरणाऱ्याच्या खिशातला कागद



करकंबासारख्या गावी बंदरांविषयी बोलावयास उभे राहणे म्हणजे कोरड्या माळावर होडी लोटण्यासारखे आहे, असे आमच्या एका स्नेह्यांनी येताना गाडीतच आम्हांला सुनावले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. येथून पंढरपूर जवळ, चंद्रभागा जवळ. पण त्या पाण्यालाही कोकणचा समुद्र ठाऊक नाही. भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राला जाते. तथापि आजचा विषय आम्ही समुद्रावरून आणलेला नाही. तो आम्हांला आपल्यासारख्याच एका गृहस्थांच्या ओसरीवर मिळाला.

हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. मुलाने हौसेने तिकिटे काढून दिली, म्हणून ते सपत्नीक भूमध्य समुद्रात आगबोटीची सहल करून आले. त्यांची बोट मार्सेलिसला दिवसभर थांबली. उतरण्यापूर्वी प्रश्न उभा राहिला : पासपोर्ट बरोबर न्यावयाचा, की बोटीवरच्या कुलपात ठेवावयाचा? एक सहप्रवासी म्हणाला, परक्या मुलखात कागदाशिवाय पाऊल टाकू नये. दुसरा म्हणाला, बंदरावर खिसेकापू फार. कागद गेला की घरी जाणेही गेले. गुरुजींनी पासपोर्ट बंडीच्या आतल्या खिशात घातला, वर दोन टाचण्या मारल्या, आणि दिवसभर छातीवर हात ठेवून ते शहरात हिंडले. मार्सेलिस कसे काय वाटले, असे आम्ही विचारले तेव्हा उत्तर बाईंनीच दिले : "यांनी खिसा पाहिला, शहर मी पाहिलं."

आम्ही हसलो. पण त्या रात्री झोप लवकर आली नाही. त्याच मार्सेलिस बंदरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक मराठी माणूस उतरला होता. त्याच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, मग कागद कोठला? त्याच्यापाशी येऊ; पण त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे.

समुद्रावर कागद मागण्याची चाल आपल्या किनाऱ्यावर जबरीने पाडली ती पोर्तुगीजांनी. १५०२ च्या सुमारास त्यांनी परवाने देण्यास आरंभ केला. या परवान्याला ते 'कार्ताझ' म्हणत, आणि तो शब्द मूळचा अरबी 'किर्तास', म्हणजे कागद, याचाच वंशज होय. ज्यांच्या व्यापाराच्या नाड्या आवळावयाच्या त्यांच्याच भाषेतला शब्द उचलला, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या कागदावर जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, हत्यारे किती, कोठून कोठे जाणार, हे सारे लिहिलेले असे. मिरीसारखा माल पोर्तुगीजांच्या परवानगीवाचून न्यावयाचा नाही, आणि वाटेत त्यांच्या ठाण्यावर थांबून जकात भरावयाची. कार्ताझ नसले की जहाज जप्त. ज्या विजापूरकरांचा अंमल आपल्या सोलापूरवर कधी होता, कधी नव्हता, त्या आदिलशाहीलाही आपली जहाजे मक्केकडे धाडावयाची तर हा कागद घ्यावा लागे. जमिनीवर हत्ती झुलवणारा बादशहा समुद्रावर परवानगीचा अर्जदार होता.

या कागदावर येशू व मेरी यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारातील मखदूम-उल-मुल्क या धर्मपंडिताने त्यावरून असा निर्णय दिला की, असला कागद बाळगून जावे लागत असेल तर हज यात्रेचे बंधन आता उरलेच नाही. पंडिताच्या मनात प्रवासाचा कंटाळा किती आणि धर्मबुद्धी किती, हे सांगणे कठीण. त्याचा विरोधक बदायूनी याने ते फारसे सद्भावनेने लिहून ठेवलेले नाही. पण कागद हा नुसता कागद नसतो, तो बाळगणे म्हणजे कोणाची तरी सत्ता खिशात बाळगणे, हे त्या पंडिताने नेमके ओळखले होते.

आणि कागद असला म्हणजे सगळे निभावते असेही नाही. १६१३ साली जहांगीर बादशहाच्या आईचे 'रहीमी' नावाचे प्रचंड जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले व माल-माणसांसह गोव्यास नेले. त्या जहाजाजवळ कार्ताझ होते! जहांगिराने पोर्तुगीजांचा व्यापार बंद केला, दमणला वेढा घातला, तेव्हा कोठे त्यांना आपल्या सहीची किंमत समजली.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी हेच शस्त्र उलटे फिरवले. आमच्या पाण्यातून जाणाऱ्याने आमचे दस्तक घेतले पाहिजे, असा त्यांचा दावा. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्यांना चाचा म्हटले. पण दोनशे वर्षे पोर्तुगीज जे करीत होते त्याला 'कायदा' आणि आंग्रे करू लागले की 'चाचेगिरी', हा न्याय आम्हांला मुळीच पटत नाही. १७१३ मध्ये इंग्रजांशी तह झाला. पण इंग्रजी निशाणाखाली देशी व्यापाऱ्यांचा माल गेला तर त्याला दस्तक लागते की नाही, हे भांडण काही मिटले नाही. १७२९ साली कान्होजी वारले तेव्हाही ते चालूच होते.

हे सारे कागद जहाजांचे. माणसाचा वेगळा कागद पुष्कळ उशिरा आला. १८८३ च्या ७ एप्रिलला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. अठरा वर्षांची ती मुलगी दोन समुद्र ओलांडून गेली; पण त्या काळी हिंदुस्थानातून विलायतेस वा अमेरिकेस जाणाऱ्याला पासपोर्टची सक्तीच नव्हती. तिला अडवीत होते ते आपल्याच घरचे लोक, बंदरावरचे अधिकारी नव्हेत.

आता मार्सेलिसकडे वळू.

१९१० च्या १३ मार्चला विनायक दामोदर सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनावर अटक झाली. जुलैच्या पहिल्या तारखेस 'मोरिया' या आगबोटीने त्यांना पहाऱ्यात हिंदुस्थानकडे रवाना करण्यात आले. बोट ७ जुलैला मार्सेलिसला लागली. ८ तारखेच्या सकाळी ते बोटीच्या भिंतीतल्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घालून पोहत धक्क्यावर चढले आणि धावू लागले. ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आम्हांला जे सांगावयाचे आहे ते या कथेच्या कागदपत्रांविषयी, कारण ते कमी सांगितले जाते.

सावरकर येत आहेत हे फ्रेंच सरकारला अगोदर कळले होते. २९ जूनलाच लंडनच्या पोलिसांनी पॅरिसच्या पोलिसखात्याला पत्र लिहून बोटीचे नाव व तारीख कळवली होती. पॅरिसहून ४ जुलैला मार्सेलिसच्या अधिकाऱ्यांना तार गेली. कैद्याचा किनाऱ्यावरच्या कोणाशी संबंध येऊ देऊ नये, असे हुकूम सुटले. म्हणजे कागद लंडनहून पॅरिसला, पॅरिसहून मार्सेलिसला, व्यवस्थित चालत आला. फक्त तो ज्या माणसाच्या हाती पडावयास हवा होता त्याच्या हाती पडला नाही. धक्क्यावर उभा असलेला सागरी शिपायांचा नाईक यातले काहीच जाणत नव्हता. त्याने पाहिले ते इतकेच : एक जवळजवळ उघडा माणूस खिडकीतून समुद्रात पडला, धक्क्यावर आला, बोटीवरून काही जण ओरडत धावले, बघ्यांनी 'पकडा, पकडा' म्हणून गिल्ला केला. नाईक धावला आणि सुमारे पाचशे मीटरवर त्याने सावरकरांना गाठले. बोटीवरून उतरलेल्या तिघांच्या मदतीने त्याने त्यांना परत बोटीवर नेऊन पोचवले. ९ जुलैला बोट सुटली.

नंतर या नाईकाने आपल्या जबानीत जे सांगितले ते आम्हांला या सर्व प्रकरणातील सर्वांत बोलके वाक्य वाटते. पकडलेला माणूस कोण, हे आपणांस ठाऊक नव्हते. बोटीवर काही गुन्हा करून पळणारा तो एखादा खलाशी असावा असे आपण समजलो, असे तो म्हणाला. सावरकर, ग्रेज इन्मध्ये कायद्याचा अभ्यास पुरा केलेला माणूस, फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला की फ्रान्सचा कायदा आपल्याला आसरा देईल या हिशेबाने उतरले होते. हिशेब कायद्याने बरोबर होता. पण धक्क्यावर कायदा उभा नव्हता, नाईक उभा होता. त्याला काळ्या कातडीचा, ओला, धावणारा माणूस दिसला; आणि मार्सेलिसच्या धक्क्यावर असा माणूस म्हणजे बोटीवरचा खलाशीच असावयाचा.

ही गोष्ट पॅरिसमधल्या हिंदी क्रांतिकारकांनी आणि फ्रेंच समाजवाद्यांनी गाजवली. कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे हा त्यांत पुढे होता. अखेर इंग्लंड व फ्रान्स या दोन सरकारांनी १९१० च्या ऑक्टोबरात हे प्रकरण हेगच्या लवादापुढे नेण्याचे ठरवले. पाच पंचांनी १९११ च्या २४ फेब्रुवारीला निकाल दिला. पकडण्यात व परत देण्यात अनियमितपणा झाला हे त्यांनी मान्य केले. पण परक्या शिपायाची चूक झाली म्हणून इंग्लंडने कैदी परत करावा असा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे म्हटले. तोवर इकडे मुंबईत जन्मठेपेच्या दोन शिक्षा ठोठावूनही झाल्या होत्या. पाच पंच, दोन साम्राज्ये, शेकडो पाने, आणि या साऱ्याचे मूळ कशात, तर एका माणसाने दुसऱ्याला 'तू कोण?' एवढे विचारले नाही यात.

त्या नाईकाच्या डोळ्यांपुढे जो 'खलाशी' होता, तोही आपलाच माणूस. १९१४ साली इंग्रजी व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांवर हिंदी खलाशी होते. तुतकावर रत्नागिरीकडचे कोकणी लोक, इंजिनाच्या भट्टीशी पंजाबी, पठाण व सिल्हेटी, स्वयंपाकघरात व भोजनगृहात गोवेकर. सारंग, तांडेल हे शब्द जगभरच्या बंदरांत त्यांनीच नेले. गोवेकर खलाशी नोकरी मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला आपापल्या गावच्या 'कुडां'त राहत. या मंडळींचा कागद म्हणजे नोकरीची नोंद असलेले एक लहान पुस्तक. खलाशी त्याला 'नल्ली' म्हणत. बोट चालू असताना ते बहुधा कप्तानाच्या ताब्यात असे, आणि खलाशी बंदरात उतरे तो हात हलवीत.

यातून केवढा अनर्थ झाला तो पाहा. १९२५ साली इंग्लंडमध्ये एक हुकूम निघाला : गोऱ्या नसलेल्या ज्या खलाशाला आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे कागदाने सिद्ध करता येणार नाही, त्याने परका म्हणून पोलिसात नाव नोंदवावे. कार्डिफला, साऊथ शील्ड्सला वर्षानुवर्षे राहिलेली, तेथेच संसार थाटलेली हिंदी माणसे यात सापडली. ती ब्रिटिश प्रजाजनच होती. हिंदुस्थान तर ब्रिटिशांचाच मुलूख! पण खलाशाला पासपोर्ट लागत नसे, म्हणून तो त्यांनी काढला नव्हता. आणि ज्यांनी वैतागून बोट सोडली होती त्यांचे पुस्तक बोटीबरोबरच गेले होते. राजाची प्रजा म्हणून राबवून घ्यावयाचे, आणि राजाच्या घरी उतरल्यावर 'प्रजा कशावरून?' म्हणून विचारावयाचे, असा हा प्रकार. हुकूम १९४२ साली, महायुद्धात खलाशांची निकड लागली तेव्हा, मागे घेण्यात आला.

मध्यंतरी 'कोमागाता मारू'चे प्रकरण झाले. १९१४ च्या मे महिन्यात ही बोट ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला लागली, आणि दोन महिने धक्का समोर दिसत असताना बहुतेकांना उतरू दिले गेले नाही. त्या वेळचा कॅनडाचा नियम असा की, जन्मदेशातून न थांबता, सलग प्रवासाच्या तिकिटाने आले पाहिजे. आणि हिंदुस्थानातून तशी सलग बोट मिळू नये याची व्यवस्था आधीच झालेली. बोट परत बजबजला आली तेव्हा गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच वर्षी सुरू झालेल्या महायुद्धाने सर्व जगभर पासपोर्ट सक्तीचा केला, आणि युद्ध संपले तरी सक्ती काही संपली नाही. हिंदुस्थानचा पासपोर्टचा कायदा १९२० चा.

स्वराज्य आल्यावरही पासपोर्ट देणे न देणे पुष्कळ काळ सरकारच्या मर्जीवरच होते. १९६७ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क घटनेने दिलेल्या स्वातंत्र्यात येतो असे सांगितले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नवा पासपोर्ट कायदा झाला. कार्ताझ ही मेहेरबानी होती. आपल्या खिशातला कागद मेहेरबानी नव्हे, हे ठरावयास एवढा काळ लागला. खलाशांसाठी १९५८ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने ओळखपत्राचा करार केला. २००३ च्या सुधारलेल्या करारात असे आहे की, हे ओळखपत्र असलेल्या खलाशाला बंदरात घटकाभर उतरावयाचे तर व्हिसा मागू नये. भारताने तो २०१५ साली मान्य केला. सगळी राष्ट्रे मात्र अजून त्यात आलेली नाहीत, आणि पुष्कळ बंदरांत खलाशी आजही कठड्याला टेकून गावातले दिवेच पाहतो.

राहता राहिला गुरुजींचा प्रश्न. त्याचे उत्तर सर्व बंदरांना एक नाही. सहलीची बोट बंदराच्या अधिकाऱ्यांना उतारूंची यादी आधीच देते, आणि पुष्कळ ठिकाणी उतारूने बोटीचे कार्ड दाखवून जावे-यावे एवढे पुरते; पासपोर्टची छायाप्रत जवळ असली म्हणजे झाले. काही देश मात्र मूळ पासपोर्टच मागतात, आणि आपल्या लोकांना व्हिसाही लागतो. इतके लांब कशाला, आपल्याच लक्षद्वीप बेटांवर उतरावयाचे तर भारतीय नागरिकालाही परवाना लागतो. तेव्हा त्या त्या बंदराचा नियम बोटीवर आदल्या दिवशी विचारून घ्यावा. सहप्रवाशाला विचारू नये.

उतरताना बोटीच्या शिडीवर ते कार्ड यंत्रापुढे धरतात, त्यामुळे कोण परत आले आणि कोण नाही हे बोटीला कळते. वेळ झाली की बोट कोणासाठी थांबत नाही. उतारू आला नाही तर त्याच्या खोलीतले कुलूप उघडून पासपोर्ट काढतात, बंदरावरच्या आपल्या अडत्याच्या हाती देतात, आणि नांगर उचलतात. हे आम्ही गुरुजींना सांगितले, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि गुरुजी म्हणाले, "म्हणजे टाचण्या फुकट गेल्या."